उलगडणे आणि उलटणे : दप्तरापासून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंत

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे गाव पूर्णा–नांदेड लोहमार्गावर वसलेले आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. गावाची शिवारे होती तेथेच राहिली. त्यांच्या नोंदी ठेवण्याच्या रीती मात्र बदलत गेल्या. या पट्ट्यातील एखाद्या शेताची कुळकथा शोधू पाहणाऱ्यास निजामी अमदानीतील उर्दू नोंदवही उजव्या बाजूने उघडावी लागते. मोडीतील जुना कागद हाती लागलाच तर तो वरून खाली उलगडावा लागतो. मराठी सात-बारा एकाच पानावर डोळा खाली नेत वाचावा लागतो. आणि तोच उतारा आज भ्रमणध्वनीच्या काचेवर बोटाने सरकवून पाहता येतो. मजकुराचा विषय एकच, परंतु तो वाचण्यासाठी हाताने करावयाच्या हालचाली चार प्रकारच्या.

या हालचालींकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. कागदावर काय लिहिले आहे हे पाहण्याची आपल्याला सवय आहे. कागद कसा हाताळला जातो हा प्रश्न दप्तरबंदाच्या गाठीबरोबरच बाजूला पडतो. परंतु ज्या यंत्रात कागदच उरला नाही, त्यात हाताळणी हीच वाचनाची एकमेव खूण आहे. भ्रमणध्वनीचा पडदा वितीहूनही लहान, आणि दाखवावयाचा मजकूर त्याच्या कितीतरी पट. ही अडचण दोन उपायांनी सोडविलेली दिसते. एक, मजकूर अखंड ठेवून तो पडद्यामागून सरकवीत राहणे. याला सर्वत्र स्क्रोल म्हणतात. दुसरा, मजकुराचे वेगवेगळे विभाग पाडून प्रत्येकाला नाव असलेली एक पट्टी देणे व पट्टीवर बोट टेकताच तो विभाग समोर आणणे. याला टॅब म्हणतात. हे दोन्ही उपाय यंत्रापूर्वीचे असून मराठी दप्तराला ते पूर्ण परिचित होते. नवी गोष्ट एवढीच की पूर्वी त्यांसाठी दोन वेगळ्या वस्तू आणि दोन वेगळ्या हालचाली होत्या. आता दोन्ही कामे एकाच काचेवर एकाच बोटाने करावयाची आहेत. त्यामुळे हालचालीचा अर्थ कोणी व केव्हा ठरवावयाचा, हा पूर्वी कधी न पडलेला प्रश्न उभा राहिला.

प्रथम शब्दांकडे पाहू. लांब कागद *उलगडतो*, पान *उलटते*. ‘उलगडणे’ या क्रियेत मजकूर अखंड असतो व वाचकापुढे क्रमाक्रमाने येतो; तिच्यापासून आलेला ‘उलगडा’ हा शब्द समजण्याच्या क्रियेलाच लागू झाला, हे लक्षणीय आहे. ‘उलटणे’ या क्रियेत एक बाजू नाहीशी होऊन दुसरी येते. ‘चाळणे’ ही तिसरी क्रिया पानांचीच, परंतु न वाचता केवळ शोधण्यासाठी केलेली. दिशेचे शब्दही दोन कुळांत विभागलेले आहेत. ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘खालील मजकूर’ हे प्रयोग उभ्या पट्टीचे. ‘मागील पान’, ‘पुढील पान’ हे बांधलेल्या वहीचे. मराठी लेखक एकाच परिच्छेदात दोहोंची सरमिसळ बिनदिक्कत करतो, आणि त्यात कोणाचे अडत नाही. यंत्राचे मात्र अडते.

मराठेशाहीतील पत्रे पाहिली तर उलगडण्याची रीत किती नियमबद्ध होती ते कळते. कागदाच्या लांबट पट्टीस ‘बंद’ म्हणत. मजकूर एका बंदात मावला नाही की त्याच्या खालच्या कडेस दुसरा बंद खळीने चिकटवीत आणि लेखन पुढे चाले. महजर व निवाडपत्रे यांसारखे दस्तऐवज अशा रीतीने कित्येक हात लांब होत. परंतु लांबी वाढली की धोकाही वाढतो. मधला एक बंद सोडवून दुसरा चिकटविला तर काय? यासाठी सांध्यांवर पाठीमागच्या बाजूने शिक्का उमटविण्याची चाल होती. सांधा सुटला की शिक्का दुभंगे. तसेच मजकूर संपला तेथे मोर्तब होई. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही लहान मुद्रा आढळते. पेशवाईतील पत्रांवर ‘लेखनसीमा’ असे शब्द येतात. या मुद्रेचा अर्थ अगदी व्यावहारिक होता. येथे लेखन संपले. यापुढे जे काही दिसेल ते मूळ कर्त्याचे नव्हे. गुंडाळीचे स्वरूपच असे की ती कोठे संपते हे उलगडणाऱ्यास आधी कळत नाही; म्हणून शेवट सांगण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

पोथीची गोष्ट निराळी. तिची पाने सुटी असतात, आडवी असतात आणि लांब कडेवरून वरच्या अंगास उलटतात. म्हणजे पोथी हा प्रकार पानांचा असला तरी हात जातो खालून वर, गुंडाळी उलगडताना जावा तसा. भ्रमणध्वनीवर वाचताना अंगठा हीच दिशा घेतो. हा योगायोग असला तरी मोठा मनोरंजक आहे. पोथीच्या पानाच्या समासात ग्रंथाचे नाव संक्षेपाने व पानाचा अंक लिहिलेला असे, कारण सुटे पान वाऱ्याने उडाले तर ते कोठले हे त्यानेच सांगावयास हवे. टॅबच्या पट्टीवरील नाव हेच काम करते. दप्तरखान्यात याहून मोठ्या प्रमाणावर हीच व्यवस्था होती. कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ‘रुमाल’ केले जात आणि रुमालावरील खुणेवरून आतील विषय कळे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे जे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केले, त्यासाठी अशाच हजारो रुमालांची गाठ सोडावी लागली. ‘दप्तर’ हा शब्दही मुळात फारसीतून आलेला व त्याच्या मागे चामडे या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. लेखनाचे साहित्य बदलले तरी जुन्या साहित्याचे नाव मागे राहते, याचे हे एक जुने उदाहरण. ‘स्क्रोल’ हे नवे.

मराठवाड्याच्या दप्तरात आणखी एक गुंता आहे. निजामी अमदानीत वरच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. खालच्या कागदांत मोडीही आढळते. उर्दू नोंदवहीत ‘पुढचे’ पान डावीकडे असते, मराठी वहीत उजवीकडे. एकाच गावच्या खासरा पत्रकांत, पाहणी पत्रकांत आणि नंतरच्या सात-बारांत शोध घेणाऱ्याचा हात म्हणून दोन परस्परविरुद्ध सवयी बाळगतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मराठवाड्यातील जुने महसुली अभिलेख तपासावयास घेतले, तेव्हा खासरा व पाहणी पत्रके पुन्हा एकदा सर्वांच्या तोंडी आली. अशा कागदांच्या प्रतिमा संगणकावर चढविल्या की ‘पुढे’ म्हणजे कोणीकडे, हा प्रश्न भाषेचा न राहता यंत्ररचनेचा होतो. अँड्रॉइड प्रणालीत उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांसाठी संपूर्ण मांडणी उलटी करण्याची सोय २०१२ साली आली. परंतु बोटाने पाने उलटण्याचा जो तयार घटक २०११ पासून सर्वत्र वापरात होता, तो डावीकडून उजवीकडे चालणाऱ्या लिप्यांपुरताच जुळलेला होता. ही उणीव २०१९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत भरून निघाली. उर्दू व अरबी वाचकास त्या मधल्या काळात पान मराठी वहीसारखे उलटावे लागे.

आता सात-बारा. या उताऱ्याचे नावच मुळी दोन अंकांचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली झाली व १९६७ च्या १५ ऑगस्टपासून अमलात आली. तिच्याखाली गावपातळीवर जे २१ नमुने ठेवले जातात, त्यांपैकी नमुना ७ हा अधिकार अभिलेख व नमुना १२ ही पिकांची नोंदवही. जमीन कोणाची आणि तिच्यात काय पेरले, हे दोन स्वतंत्र प्रश्न; पहिल्याचे उत्तर क्वचित बदलते, दुसऱ्याचे दर हंगामास. तरीही दोन्ही नमुने एकाच कागदावर, वर सात आणि खाली बारा, असे छापले गेले आणि लोकांनी दोन अंकांचा एक शब्द केला. या शब्दाची घडण ज्यांच्या कानावरून सहज जाते त्यांनी क्षणभर थांबून पाहावे. एका पानावर असल्यामुळेच मालकी आणि पीक ही जोडी मराठी शेतकऱ्याच्या मनात अविभाज्य झाली. हेच दोन नमुने आरंभी दोन वेगळ्या टॅबांत ठेवले गेले असते तर ‘सात-बारा कोरा करणे’ हा वाक्प्रचार बहुधा जन्मास आला नसता. टॅब विभागतो, स्क्रोल जोडतो. मांडणीच्या या निवडीत ज्ञानाची वाटणी होते.

यंत्राच्या इतिहासात स्क्रोल आधी आला आणि तो अक्षरशः गुंडाळीतूनच आला. १९६० नंतरच्या दशकात संगणकाशी संवाद दूरमुद्रकावरून होई. त्यात कागदाचे भेंडोळे असे, प्रत्येक नवी ओळ छापली की कागद वर सरके. कागदाच्या जागी काचेचा पडदा आला तरी ओळींनी वर सरकणे सोडले नाही. १९७८ च्या व्हीटी-१०० या प्रसिद्ध यंत्रात तर ओळी झटक्याने न उडता संथपणे सरकाव्यात अशी खास सोय होती. याच दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधनकेंद्रात पडद्याच्या कडेला सरकपट्टी आली. त्यानंतर दिशेचा घोटाळा सुरू झाला. सरकपट्टीचा दांडा खाली ओढला की मजकूर वर जातो. १९९६ साली उंदरावर चाक बसले. ते आपल्याकडे फिरविले की मजकूर वर जातो. २००७ साली आयफोन आला. त्यात बोट वर नेले की मजकूर वर जातो, कारण बोट जणू मजकुरालाच धरून ढकलते. अखेर २०११ साली ॲपल कंपनीने आपल्या मेजावरच्या संगणकांतही दिशा उलटवून ती बोटाप्रमाणे केली, आणि कित्येकांना जुनी सवय मोडवेना.

या घोटाळ्याचे मूळ भाषेत पाहता येते. ‘खाली जा’ असे आपण म्हणतो तेव्हा क्रियापद अकर्मक असून त्याचा कर्ता वाचक आहे. मजकूर स्थिर, जाणारा डोळा. ‘वर सरकव’ म्हणतो तेव्हा क्रियापद सकर्मक असून मजकूर हे त्याचे कर्म आहे. डोळा स्थिर, सरकणारा कागद. दोन्ही आज्ञांचे फळ एकच, पण दिशावाचक शब्द परस्परविरुद्ध. आजोबा नातवाला ‘खाली घे’ सांगतात आणि नातू बोट वर नेतो; दोघांपैकी कोणीच चुकत नाही. सरकपट्टी अकर्मक वाक्यावर बेतलेली होती, स्पर्शपडदा सकर्मक वाक्यावर. यंत्रज्ञांनी ज्याला नैसर्गिक दिशा म्हटले ती केवळ सकर्मक दिशा आहे; दुसरी अनैसर्गिक ठरत नाही.

टॅबचा इतिहास लहान व सरळ आहे. पत्रकांच्या कपाटात कार्डांच्या वरच्या कडेस बाहेर डोकावणारे कान ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट जेम्स न्यूटन गन याने अमेरिकेत १८९७ साली घेतले. १९९० नंतर ती युक्ती संगणकाच्या पडद्यावर चित्ररूपाने आली, १९९४ च्या सुमारास जाल-वाचकांत आली, आणि भ्रमणध्वनीवर तळाशी किंवा माथ्याशी पट्टीरूपाने स्थिरावली. येथवर अडचण नव्हती. पट्टीवर बोट टेकावे, विभाग बदलावा. अडचण आली ती पट्टीला न शिवता, पानावरच बोट आडवे ओढून शेजारचा टॅब आणण्याची सोय झाली तेव्हा. कारण त्याच पानात उभा सरकणारा मजकूरही असतो.

अशा पानावर बोट टेकले की यंत्राला काय कळते? त्याला कळते ती घटनांची मालिका. अँड्रॉइडमध्ये, म्हणजे २००८ पासून बाजारात असलेल्या प्रणालीत, ही मालिका चार प्रकारच्या घटनांनी बनते : बोट टेकले, बोट हलले, बोट उचलले, आणि हे सारे रद्द झाले. बोट टेकले या पहिल्या घटनेत पुढे काय होणार हे सांगणारे काहीच नसते. ती पट्टी दाबण्याची सुरुवात असेल, मजकूर सरकविण्याची असेल, किंवा पान उलटण्याची. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हे ओळखीचे वाटावे. आपल्या शिक्षाग्रंथांनी वर्णांचे वर्गीकरण करताना क ते म या २५ वर्णांना ‘स्पर्श’ म्हटले, अन्तःस्थांना ईषत्स्पृष्ट ठरविले आणि स्वरांना विवृत. जीभ किती व कशी टेकली यावर वर्ण ठरला. बोटाचेही तसेच आहे. टेकून लगेच उठले तर एक अर्थ, टेकून राहिले तर दुसरा, टेकून घसरले तर तिसरा. फरक इतकाच की कान वर्ण पूर्ण झाल्यावर निर्णय करतो. यंत्राला वाक्य अर्धवट असतानाच अर्थ धरावा लागतो, कारण मजकूर बोटाबरोबर सरकला नाही तर वाचकाला तो गोठल्यासारखा वाटतो.

यासाठी एक उंबरठा ठरविला आहे. बोट टेकल्या जागेपासून ठराविक अंतर ओलांडीपर्यंत ते स्थिरच मानावयाचे. त्वचेचा कंप, हाताची थरथर यांकडे दुर्लक्ष करावयाचे. अँड्रॉइडच्या मूळ संहितेत हे अंतर ८ एकके आहे आणि एक एकक म्हणजे इंचाचा १६० वा भाग. म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या जागेत अर्थाचा निवाडा होतो. पान उलटण्यासाठी उंबरठा दुप्पट, म्हणजे १६ एककांचा ठेवलेला आहे. शिवाय २०११ च्या घटकात अशी अट होती की आडवे अंतर उभ्या अंतराच्या दुपटीहून अधिक असेल तरच पान उलटावे. आंगठ्याची हालचाल मुळात सरळ नसते. तो तळहाताच्या सांध्याभोवती कमान काढीत जातो, आणि उभे सरकविणाऱ्याचेही बोट तिरपे होते. तेव्हा संशयाचा फायदा उभ्या गतीला द्यावा, असा हा नियम होता. दप्तराच्या भाषेत बोलायचे तर गुंडाळीला पानापेक्षा अग्रहक्क दिला गेला. ही निवड योग्यच म्हणावी लागेल. सरकविताना चुकून पान उलटले तर वाचकाची जागा हरवते, उलटताना चुकून चार ओळी सरकल्या तर काही बिघडत नाही. एकदा अर्थ ठरला की बोट उचलेपर्यंत तो बदलत नाही, हाही त्याच धोरणाचा भाग.

निर्णय कोणी करावयाचा याचीही उतरंड आहे. पडद्यावरील घटक एकात एक बसविलेले असतात : बाहेर टॅबांची पाने धरणारा, त्याच्या आत यादी, यादीत ओळ, ओळीत कळ. घटना बाहेरून आत जाते. वाटेत बाहेरच्या घटकाला ती अडवून स्वतःकडे घेण्याचा अधिकार असतो. त्याने ती घेतली की आतल्यास ‘रद्द’ असा निरोप मिळतो आणि दाबली गेलेली वाटणारी कळ मुकाट्याने पूर्ववत होते. उलट आतला घटकही बाहेरच्यास ‘हे प्रकरण आता माझ्याकडे राहू दे’ असे सांगू शकतो. जाल-वाचकांच्या इतिहासात याच मुद्द्यावरून दोन पक्ष होते. नेटस्केपच्या मते घटना प्रथम बाहेरच्याने पाहावी, मायक्रोसॉफ्टच्या मते प्रथम आतल्याने. नोव्हेंबर २००० मधील मानकाने दोन्ही मान्य करून घटनेला आधी खाली उतरविले व मग वर चढविले. अर्ज खालून वर आणि आदेश वरून खाली, ही तहसील कचेरीची चाल ज्याला ठाऊक आहे त्याला हे मानक समजावयास वेळ लागू नये.

महसुली व्यवहारातील फेरफार ही खऱ्या अर्थाने घटनेचीच नोंद आहे. खरेदी झाली, वारस लागला, वाटणी झाली, की ती घटना प्रथम नमुना ६ या फेरफार नोंदवहीत येते. हितसंबंधितांना नोटीस जाते, १५ दिवस हरकतीची वाट पाहिली जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि तेव्हाच नमुना ७ बदलतो. घटना आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये कायद्याने मुद्दाम वेळ ठेवला. हे संहितेचे १५० वे कलम. आयफोनच्या सरकत्या मजकुरावर बोट टेकले असता आतल्या कळीला ते कळविण्यापूर्वी यंत्र साधारण १५० मिलिसेकंद थांबते, तेवढ्यात बोट हलते काय हे पाहते. अंकांचे हे साम्य निव्वळ योगायोगाचे, थांबण्याचे कारण मात्र एकच. भ्रमणध्वनीवरील जाल-वाचक आरंभी ३०० मिलिसेकंद थांबत, कारण दुसऱ्यांदा बोट टेकले तर तो मजकूर मोठा करण्याचा इशारा असे. लहान पडद्यासाठीच रचलेल्या पानांपुरते हे थांबणे अँड्रॉइडवरील क्रोममध्ये २०१४ साली व आयफोनवरील सफारीत २०१६ साली गेले. २०१६ सालीच अशी तरतूद झाली की एखाद्या घटक-संहितेने ‘आपण सरकण्याला अटकाव करणार नाही’ अशी हमी आधीच दिली तर यंत्राने तिच्या उत्तराची वाट न पाहता मजकूर सरकवावा. हरकत नाही असे लेखी मिळाले की नोटिशीची मुदत पाळावी लागत नाही, त्यातला हा प्रकार.

शेवटाची खूण हा एक प्रश्न राहतो. आयफोनमध्ये यादी संपली की मजकूर थोडा ताणला जाऊन रबरासारखा परत येतो. बास ओर्डिंग याने रचलेल्या या क्रियेचे पेटंट डिसेंबर २००८ मध्ये मिळाले आणि पुढे ॲपल व सॅमसंग यांच्या खटल्यात ते गाजले. अँड्रॉइडने त्याऐवजी कडेला प्रकाशाची झाक दाखविली, आणि २०२१ पासून तोही मजकूर ताणून दाखवू लागला. अक्षर न लिहिता सांगितलेली ही ‘लेखनसीमा’च आहे. पडदा गोठला नसून मजकूर संपला आहे, हे ती बोटाला सांगते. याउलट २००६ साली एझा रॅस्किन याने खाली जाताच नवा मजकूर आपोआप जोडला जाईल अशी रचना केली. त्या गुंडाळीला मोर्तबच नाही, नवा बंद सतत चिकटत राहतो. पुढे तिच्या कर्त्यानेच तिच्याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. ज्या दप्तरात सांध्यांवर शिक्के नसतील त्याचे काय होते, हे जुन्या कारकुनांना सांगावे लागले नसते.

हे सर्व चुडाव्याच्या शिवारात येऊन पोहोचले ते १५ ऑगस्ट २०२१ रोजी, जेव्हा राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तोवर नमुना १२ तलाठी भरीत असे. निजामी काळातील पाहणी पत्रकाचा शब्द आणि पद्धत या नमुन्यात एक प्रकारे टिकून होती. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून आपल्या भ्रमणध्वनीत खाते क्रमांक, गट क्रमांक, हंगाम, पिकाचा वर्ग, पिकाचे नाव, क्षेत्र, सिंचनाचे साधन व लागवडीचा दिनांक भरावयाचा आणि उभ्या पिकाचे छायाचित्र जोडावयाचे. यांपैकी बऱ्याच नोंदी लिहावयाच्या नसून यादीतून निवडावयाच्या. यादी पडद्यात मावणारी नसली की बोटाने सरकविणे आले, आणि सरकविता सरकविता थांबलेले बोट म्हणजे निवड की विसावा, हा निवाडा त्या सव्वा मिलिमीटरात होतो. भर उन्हात पडदा नीट दिसत नाही, बोटाला माती वा ओल असते, काचेवर पावसाचा थेंब पडला तर यंत्राला तोही स्पर्श वाटू शकतो. सोयाबीनच्या जागी शेजारच्या ओळीतील दुसरे पीक निवडले गेले तर चूक पडद्यावरच राहत नाही. ती सात-बारावर उतरते आणि तेथून पीक विमा, पीक कर्ज, हमीभावाची खरेदी, नैसर्गिक आपत्तीची भरपाई या सर्वांपर्यंत जाते. पूर्वी तलाठ्याच्या लेखणीची चूक ही तलाठ्याची असे आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येई. बोटाच्या चुकीचा कर्ता कोण, हे अजून कोणत्याही नमुन्यात लिहिलेले नाही.

त्या पद्धतीच्या रचनाकारांना याची जाणीव होती असे दिसते. २०२२ सालच्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याने केलेली नोंद ४८ तासांच्या आत त्याला स्वतःलाच एकदा दुरुस्त करता येईल अशी मुभा ठेवण्यात आली, आणि नोंदींपैकी १० टक्क्यांची तपासणी तलाठ्याकडे राहिली. फेरफाराचे १५ दिवस, पिकाच्या नोंदीचे ४८ तास, कळीचे १५० मिलिसेकंद : प्रत्येक ठिकाणी घटना व तिचा परिणाम यांच्यामध्ये कोणीतरी थांबण्याची जागा ठेवली आहे. त्यांपैकी पहिल्या दोन मुदती राजपत्रांत व शासकीय पत्रकांत वाचता येतात. तिसरी यंत्राच्या संहितेत असून गावच्या चावडीवर ती कोणी लावलेली नाही.